वितभर बाजूला

बसगाड्या दुरुस्त करण्याच्या त्या कारखान्यात सुट्या भागांचं एक भांडार होतं, आणि भांडारात दुर्बीण होता. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीच्या कागदापुरतं उरलं होतं. बाकी सगळा कारखाना, साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत, त्याला दुर्बीणच म्हणायचा. कुणी झिजलेलं ऑइल सील तळहातावर घेऊन यायचं, "असलं एखादं असेल का हो?" एवढंच विचारायचं, आणि हा आत जाऊन तीन मिनिटांत तसलंच कोरं सील आणून खिडकीत ठेवायचा. चार मिनिटं लागली तर मिस्त्री लोक ओरडायचे, "काय दुर्बीण, काचा पुसायच्या राहिल्या की काय आज?"

आणि ते भांडार म्हणजे काय प्रकरण होतं ते तुम्ही पाहायला हवं होतं. सोळा मांडण्या, एकेकीला नऊ थर, एकेका थरात बारा खण. सतराशेच्या वर खण झाले, मोजून घ्या. त्यात शिस्त म्हणाल तर शून्य. कुठल्याशा जुन्या भांडारप्रमुखाने पंपाचे भाग ब्रेकच्या भागांशेजारी लावले ते तसेच. ज्या गाड्या कधीच भंगारात गेल्या त्यांच्या गॅस्केटचेही गठ्ठे तिथे सुखाने बसलेले. चिठ्ठ्यांवरची शाई उडालेली. नवा माणूस आत गेला तर घामाघूम होऊन हात हलवत परत यायचा. दुर्बिणीला मात्र तेवीस वर्षांत ते तोंडपाठ झालं होतं.

आता खरं सांगतो. या दुर्बिणीला दिसत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या नजरेच्या मधोमध एक भोक पडलं. आधी एका डोळ्यात, मग वर्षाच्या आत दुसऱ्यात. काळा डाग असता तर निदान दिसला तरी असता. तिथे काहीच नव्हतं. ज्याच्याकडे सरळ पाहावं ते नाहीसं व्हायचं, आणि कडेचं सगळं जागच्या जागी राहायचं. डॉक्टरने यंत्रातून बघितलं आणि सांगितलं, "आतला पडदा मधेच झिजलाय. यावर इलाज नाही. पण पूर्ण आंधळे होणार नाही तुम्ही, कडेचं राहील." बायको तिथेच तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. याने विचारलं, "माझी छत्री कुठे ठेवली?"

आपल्याला रडू येईल म्हणून त्याने आठवडाभर वाट पाहिली. आलं नाही. राग येईल म्हटलं, तोही आला नाही. हाताला मुंग्या येऊन तो बधिर व्हावा तसं सगळं आतून झालं होतं, फक्त मुंग्याही नव्हत्या. जेवायचा, कामावर जायचा, विनोदाला हसायचा. मग वाट पाहायचंही त्याने सोडून दिलं.

पण काम थांबलं नाही. त्याचं त्यालाच कळलं की वस्तूच्या वितभर वर आणि जरा उजवीकडे बघितलं की ती वस्तू खालच्या कडेला दिसते. धूसर दिसते, पण दिसते. बाकीचं हातांवर. बोटांना आटे कळायचे, वजनावरून बेअरिंगचा आकार कळायचा. नोंदी मिस्त्र्यांकडूनच लिहून घ्यायचा. "तुमच्या हाताने लिहा बाबांनो, मागाहून माझ्या नावाने शंख नको." माणसांचं मात्र अवघड होतं. बोलताना समोरच्याच्या कानाच्या वर बघितलं तर तो म्हणणार, याला शिष्टपणा चढला किंवा वेड लागलं. म्हणून माणसांशी बोलताना तो डोळे बरोबर त्यांच्या तोंडावर रोखायचा. म्हणजे त्याला तोंड दिसायचं नाही, पण समोरच्याला बरं वाटायचं.

हे फक्त बायकोला ठाऊक होतं. कारखान्याच्या आवारातच त्यांची खोली होती, नोकरी असेपर्यंत राहायची. निवृत्तीला सव्वीस महिने उरले होते आणि बायकोने बजावून ठेवलं होतं, "ब्र काढायचा नाही कुणाकडे."

अशात ते यंत्र आलं. कमरेएवढं, चार चाकांचं, वर लांब मानेवर दोन कॅमेरे आणि पुढे येणारा एक हात. मिस्त्र्यांनी अर्ध्या दिवसात त्याचं बारसं केलं: शोध्या. त्याच्याबरोबर एक मुलगी आली, पंचविशीची, केस घट्ट बांधलेली, कायम घाईत. तिचं नाव पडलं यंत्रवाली. तिची ही पहिलीच नोकरी आणि सहा महिन्यांच्या बोलीवर. तेवढ्यात शोध्या कामाला लागला तर ती कायम, नाहीतर घरी. हे तिनेच पहिल्या दिवशी सांगून टाकलं, कारण तिच्या पोटात काही राहायचं नाही.

"काका, तुम्हाला वाटत असेल हा मान वळवतो आणि सगळं एकदम बघतो," ती म्हणाली. "तसं नाही. आधी हा भांडाराचा नकाशा डोक्यात करतो. कुठला भाग बघून झाला, कुठला राहिला, याची खूण ठेवतो. मग हिशेब करतो, कुठे उभं राहिलं तर न बघितलेलं सगळ्यात जास्त दिसेल आणि चालावंही कमी लागेल. तिथे जातो, बघतो, नसेल तर तेवढा भाग खोडतो. परत हिशेब."

"आणि वस्तू दुसऱ्या कशाच्या मागे असली तर?"

"मग बाजूला जाऊन तिरका बघतो."

"बरं," दुर्बीण म्हणाला. तिरकं बघण्याबद्दल त्याला आणखी बरंच काही माहीत होतं.

"लहान वस्तू लांबून ओळखू येत नाही ना, म्हणून आधी मोठी शोधतो. सील दिसत नाही, पण मांडणी दिसते. सील पिंपात नसणार, मांडणीत असेल, एवढं त्याला शिकवलंय."

सगळं खरं, पण शोध्याला एक सील शोधायला पस्तीस मिनिटं लागायची. मांडणीसमोर उभा राहायचा, मान वर, मान खाली, दोन पावलं मागे, परत मान वर. मिस्त्री खिडकीबाहेर उभे राहून म्हणायचे, "तोवर गाडीच निवृत्त होईल रे!" सतराशे खणांत कुठून सुरुवात करायची हे त्याला कळत नव्हतं, त्याला सगळे खण सारखेच.

म्हणून यंत्रवालीने डोकं लढवलं. दुर्बीणकाकांची नजर आधी कुठे जाते ते टिपायचं आणि शोध्याला तेच शिकवायचं. तिने एक चष्मा आणला. त्याच्या दांडीत इवलेसे कॅमेरे, काही समोरचं बघणारे, काही घालणाऱ्याच्या बुबुळांकडे बघणारे. पडद्यावर समोरचं चित्र यायचं आणि माणूस जिथे बघतोय तिथे हिरवा ठिपका.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती हुशार. म्हणाली, "नको म्हणालात तर का म्हणून विचारतील. घाला गुपचूप."

चष्मा घालणाऱ्याच्या डोळ्यांशी आधी जुळवून घ्यावा लागायचा. एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाच काळे ठिपके, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये. ती सांगेल त्या ठिपक्याकडे बघायचं. ती त्याच्या बुबुळांचं मोठं चित्र पडद्यावर बघत बसली होती. आपल्या सवयीने वितभर वर बघितलं तर हिला आत्ताच कळेल, हे त्याच्या ध्यानात आलं. मग त्याने माणसांच्या बाबतीत करायचा तेच केलं. पुठ्ठा आधी कडेने बघून घेतला, ठिपके कुठे आहेत ते लक्षात ठेवलं आणि एकेकावर डोळे नेमके रोखले. ज्याच्यावर रोखावे तो ठिपका नाहीसा होत गेला. पाचच्या पाच गेले.

"झालं का गं?"

"एकदम मस्त, काका! डोळा तसूभर हलला नाही. माझा स्वतःचा इतका स्थिर राहत नाही."

दोन महिने तो चष्मा घालून हिंडला. पडद्यावर हात एका खणात जाताना दिसायचा आणि हिरवा ठिपका त्याच्या वरच्या उजव्या खणात. यंत्रवालीला ते दिसलं, नाही असं नाही. पण तिची समजूत अशी की मुरलेला माणूस हातातल्या कामाकडे बघतच नाही, त्याची नजर पुढच्या कामावर असते. तिने मोठ्या कौतुकाने हे वहीतही लिहून ठेवलं. शिकलेल्या माणसांचं हे एक बरं असतं, न कळलेल्या गोष्टीलाही त्यांच्याकडे कारण तयार असतं.

मग सगळं शोध्याच्या डोक्यात भरलं आणि पहिल्या दिवशी सगळे बघायला जमले. साहेब स्वतः आले. "मागच्या दाराचं सील," यंत्रवालीने सांगितलं. शोध्या थेट निघाला. इकडेतिकडे मान नाही, थांबणं नाही, सरळ अकराव्या मांडणीपाशी. मिस्त्र्यांनी शिट्टी मारली. शोध्याने मान उंचावली आणि सील होतं त्याच्या वरच्या उजव्या खणात डोकावून बघत बसला. तिथे होते वॉशर. मग दुसरीकडे गेला, तिथेही तेच. दहा वस्तू सांगितल्या, दहा वेळा बरोबर जागी जाऊन शेजारच्या घराची कडी वाजवावी तसं त्याने केलं. प्रत्येक वेळी वितभर वर, जरा उजवीकडे.

दुर्बीण खिडकीशी उभा होता. दुसऱ्याच वस्तूला त्याने ओळखलं, ही आपली नजर. तीन वर्षांत स्वतःला आरशातही धड पाहिलं नव्हतं, आणि आता आपलं बघणं त्या लोखंडी मानेवर बसून सगळ्यांसमोर फिरत होतं. काहीतरी वाटायला हवं होतं. त्याने नाक पुसलं आणि चहा प्यायला गेला.

तीन आठवडे यंत्रवालीच्या नाकी नऊ आले. कॅमेरे बदलले. चाकं काढून मोजली. जमीन तिरकी आहे की काय म्हणून गवंड्याची पाणसळ आणून ठेवली. तीन वेळा दुर्बिणीला चष्मा घालून पुठ्ठ्यासमोर बसवलं, आणि तिन्ही वेळा त्याने डोळे नेमके रोखून ठिपके घालवले. तिन्ही वेळा सगळं बिनचूक जुळलं.

"तुमच्यात खोट नाही काका, म्हणजे माझ्यातच आहे," ती म्हणाली.

तो म्हणाला, "सापडेल गं."

साहेबांचाही धीर सुटत चालला होता. दोनदा सगळ्यांदेखत त्यांनी तिला झापलं. "चष्मा तू जुळवलास ना? मग चूक कुणाची, माझी?" ती हो साहेब, हो साहेब करत राहिली.

एका दुपारी, सगळे डबे खायला गेले असताना, दुर्बीण बोल्टचा डबा घ्यायला आत गेला. फिल्टरच्या खोक्यांमागे ती जमिनीवर बसली होती. तोंडात रुमालाचा बोळा धरून रडत होती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तिने मान वर करून बघितलं. दुर्बिणीचं तोंड मांडणीकडे होतं, डोळे वरच्या थरावर. त्याने आपल्याला पाहिलं नाही असं तिला वाटलं असणार, कारण ती हलली नाही. त्याने बोल्ट मोजले. चोवीस हवे होते, त्याने दोनदा मोजले. मग डबा घेऊन निघून गेला.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं, "ती पोर जाणार बहुतेक."

"जाऊ दे. तरुण आहे, शिकलेली आहे, दुसरीकडे लागेल. तुम्हाला या वयात, या डोळ्यांनी कोण दारात उभं करणार आहे? ही खोली गेली तर कुठे जायचं आपण?"

"पण तिचं काही चुकलेलं नाही."

"आणि तुमचं चुकलंय? डोळे काय तुम्ही हौसेने घालवलेत?" बायको ताट वाढता वाढता थांबली. "वाईट वाटतंय का तुम्हाला?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. आत चाचपून बघितलं, मांडणीत हात घालून बघतात तसं.

"नाही," तो म्हणाला.

"मग जेवा."

तो जेवला.

सोमवारी साहेब भांडारात आले ते ठरवूनच. यंत्रवाली शोध्याची मान खोलून बसली होती. "राहू दे आता ते," साहेब म्हणाले. "महिनाअखेरीला तुझं काम बंद. यंत्राची कंपनी दुसरा माणूस पाठवतेय." ती उभी राहिली. स्क्रू हातातून पडले ते तिने उचललेही नाहीत. दारात चार मिस्त्री उभे होते, त्यांनी माना खाली घातल्या.

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्टच नव्हती. पण साहेबांना वर कागद पाठवायचा होता, आणि कागदाला कुणाचं तरी तोंड लागतं. ते दुर्बिणीकडे वळले. "तुम्ही सांगा. दोन महिने चष्मा तुम्ही घातलात. हिने नीट जुळवला होता का? हो की नाही, तेवढं सांगा."

आजवर त्याला गप्प राहायचं होतं, ते सोपं होतं. आता खोटं बोलायचं होतं. "नाही" हा एकच शब्द. बायकोचा चेहरा आठवून बघितला, खोली आठवून बघितली. पण खोटं बोलायलाही आत थोडी धग लागते, भीती तरी लागते, आणि त्याच्याकडे तेवढीही शिल्लक नव्हती. शब्द तोंडात तयार झालाच नाही.

"नीट जुळवला होता," तो म्हणाला. "तो चष्मा आण गं जरा."

तिने आणला. त्याने घातला आणि साहेबांना समोर स्टुलावर बसायला सांगितलं. "पडद्याकडे बघा सगळे. आता मी साहेबांशी रोज बोलतो तसा बघतो." हिरवा ठिपका बरोबर साहेबांच्या नाकावर आला. "आता इथे मला साहेब नाहीत. स्टूल आहे, भिंत आहे, मध्ये काही नाही. आता मी तुम्हाला खरोखर बघतो." ठिपका सरकला आणि साहेबांच्या डोक्याच्या बाजूला, भिंतीवरच्या विजेच्या बटणांवर जाऊन थांबला.



"मिशी काढलीत की साहेब तुम्ही," दुर्बीण म्हणाला. "कधी?"

"दोन वर्षं झाली," साहेब कसेबसे म्हणाले.

पुढचं सगळं झटपट झालं. यंत्रवालीने दोन महिन्यांचे सगळे ठिपके एका दमात वितभर खाली आणि डावीकडे सरकवले, एका दुपारचं काम. दुसऱ्या दिवशी शोध्याने मागच्या दाराचं सील चार मिनिटांत काढून खिडकीत ठेवलं. मिस्त्र्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग आपण काय करतोय ते ध्यानात येऊन थांबवल्या. ती कायम झाली. दुर्बिणीला डोळे तपासून घ्यायचं पत्र मिळालं, आणि तपासणीत काय निघणार ते लहान पोरानेही सांगितलं असतं. महिनाअखेरीला काम संपणार, त्यानंतर महिनाभरात खोली सोडायची. बायको दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने माळ्यावरच्या पेट्या खाली काढायला घेतल्या.

कारखान्यात मात्र त्याचं कोण कौतुक! काय माणूस, पोरीसाठी स्वतःच्या पोटावर पाय दिला म्हणे. आणि बिचारा, दिसतच नव्हतं त्याला, त्याचा काय दोष? जो तो येऊन खांद्यावर हात ठेवून जायचा. तो मान हलवायचा.

शेवटच्या शुक्रवारी यंत्रवाली त्याच्या खिडकीत आली. हातात दोन चहा होते. एक त्याच्या हातात नीट धरवला, सांडू नये म्हणून त्याची बोटं कपाभोवती गुंडाळली. आता सगळेच त्याला असं वागवायला लागले होते.

"काका, मला मधे फार राग आला होता तुमचा," ती म्हणाली. "तीन आठवडे मी वेड्यासारखी चाकं मोजत होते, आणि तुम्हाला ठाऊक होतं. मग मी विचार केला. तुम्हाला कुठे कळणार होतं माझी काय अवस्था झालीय ते? ऐकू आलं असेल तेवढंच. मी हसून बोलायचे तुमच्याशी. माझं तोंड तुम्हाला दिसलं असतं तर तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. हो ना?"

नुसतं हो म्हणायचं होतं. सगळा कारखाना आठवडाभर हेच म्हणत होता, आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं.

"मला मधलं दिसत नाही," दुर्बीण म्हणाला. "कडेचं दिसतं. तू फिल्टरच्या खोक्यांमागे बसली होतीस. रुमाल तोंडात घातला होतास. मी तोंड दुसरीकडे केलं होतं ते तुला बघायलाच. चोवीस बोल्ट दोनदा मोजले, तोवर बघत होतो."

चहाचा कप खिडकीच्या फळीवर ठेवल्याचा आवाज आला. ती काय करतेय ते त्याला कळेना, कारण बोलताना सवयीने त्याने डोळे तिच्या तोंडावर रोखले होते आणि तिथे काहीच नव्हतं. मग त्याने नजर उचलली, वितभर वर, जरा उजवीकडे, आणि ती दिसायला लागली. रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत होती. मग वळली आणि शोध्याला सुरू करायला आत गेली.

दुर्बीण खिडकीत तसाच उभा राहिला. कान तापले, मान तापली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला काहीतरी वाटलं. लाज वाटली. ती इतकी वाटली की बाहेर मिस्त्री सील घेऊन उभा होता आणि हाका मारत होता, तरी त्याला ओ देता येईना.